निघण्याआधीचे दहा दिवस

आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून सवय नाही) ‘मिशन’ हा एक पत्ता आहे. रिक्षावाल्याला "मिशन कंपाउंड" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. त्यामुळे मी आजीला फोन करून "आजी, मी मिशन ट्रिपला चाललोय" असं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अरे, मग रिक्षा कर की. ट्रिप कशाला?"

तर मंडळी, ही गोष्ट त्या ट्रिपची नाहीच. ट्रिपला जायच्या आधीच्या दहा दिवसांची आहे. पुण्यातल्या आमच्या चर्चच्या तरुण संघाचे आम्ही अकरा जण 7 नोव्हेंबर 2025 ला, शुक्रवारी रात्री, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात निघणार होतो. तिथे एक मिशन हॉस्पिटल आहे. काम साधं: वॉर्डाच्या दोन खोल्या रंगवायच्या, सिकलसेल तपासणीच्या शिबिरात नोंदणीला बसायचं, आणि त्यांच्या नोंदणी खिडकीसाठी सहा कॉम्प्युटर बसवून द्यायचे. शेवटचं खातं अर्थातच माझ्याकडे. इंजिनिअर ना!

मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली. कामं, जबाबदार माणूस, तारीख, स्टेटस. हिरवं, पिवळं, लाल. 27 ऑक्टोबरला सगळं हिरवं होतं. इतकं हिरवं की पाळकसाहेबांना फॉरवर्ड करताना मला जरा बरंच वाटलं.

28 तारखेपासून एकेक रांग लाल व्हायला लागली.

कॉम्प्युटर

एका कंपनीने जुने डेस्कटॉप काढून टाकले होते, ते आम्ही मागून आणले होते. तीन शनिवार-रविवार बसून मी आणि दोन मित्रांनी डिस्क पुसल्या, लिनक्स टाकलं, मराठी कीबोर्ड चालू केला. सहाही मशिन चर्चमागच्या संडे स्कूलच्या खोलीत टेबलावर, प्लॅस्टिक घालून, नीट ठेवली होती.

दिवाळीनंतर पाऊस आला तो आठवत असेल तुम्हाला. कंदील उतरवायच्या आधीच त्यांचा लगदा झाला होता. त्या रात्री शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरचा पाण्याचा पाइप निखळला आणि सगळी धार आमच्या कौलांवर. सकाळी चर्चचे शिपाईकाका दार उघडतात तर आत घोटाभर पाणी, आणि सहातली चार मशिन आतपर्यंत भिजलेली.

तपकीर गल्लीत एक चाचा आहेत. दुकान म्हणजे एका माणसाला जेमतेम वळता येईल एवढी जागा, बाकी सगळीकडे मदरबोर्ड. रिक्षात घालून चारही मशिन तिथे नेली. चाचांनी एक उघडलं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चालू करून बघितलं का?"

"नाही चाचा."

"हां. मग वाचतील."

भिजलेल्या मशिनला पाणी तेवढं मारत नाही जेवढी घाई मारते, हे त्यांचं म्हणणं. ओल्या बोर्डात वीज सोडली की शॉर्ट झालाच. त्यांनी सगळं सुटं केलं, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुतले, ब्लोअर मारला आणि दोन दिवस बल्बखाली ठेवून दिले. चारपैकी तीन उठली. दोन पॉवर सप्लाय गेले होते, ते त्यांनी स्वतःच्या जुन्या साठ्यातले लावले. चौथ्याची रॅम आणि डिस्क काढून पिशवीत घालून दिली. "जंगलात लागतील," म्हणाले. (नवापूर म्हणजे जंगल, अशी त्यांची समजूत. मीही सुधारली नाही.)

पैसे विचारले तर फक्त पॉवर सप्लायचे सांगितले. मजुरी? "परत ये, मग बघू." परत आल्यावर मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा झाला, आणि मजुरीचा विषय काढला की त्यांना नेमकं मागून गिऱ्हाईक दिसतं.

आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, "तू त्यांना विचारायला हवं होतंस, का केलं म्हणून. साक्ष द्यायला चांगलं झालं असतं." साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून देवाने काय केलं ते सांगणं. मला तसं विचारावंसं वाटलं नाही. माणूस चांगलं वागला की त्याच्याकडे कारणाची पावती कशाला मागायची?

पप्पा

3 नोव्हेंबर, सोमवार. ऑफिसात स्टँडअप चालू असताना नगरहून शेजारच्या काकांचा फोन. काका कधी कामाच्या वेळी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव बघूनच पोटात गोळा आला. पप्पा स्कूटरवरून येत होते, कुत्रं आडवं गेलं, पडले. उजवं मनगट मोडलं. "बाकी ठीक आहे, पण तू ये."

पप्पा निवृत्त शिक्षक. आई 2021 मध्ये गेली. मी एकुलता एक. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. कुणाचा फॉर्म भरून दे, कुणाच्या पोराचं गणित घे, कुणाच्या दवाखान्यात रात्री थांब... आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. मी वाकडेवाडीहून एसटीने संध्याकाळी पोचलो तेव्हा ते खुर्चीत बसले होते. हात गळ्यात आणि शर्टाची बटणं उघडी. घरात सुद्धा पप्पांना मी कधी उघड्या शर्टात बघितलेलं नाही. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने बटण लावू शकत नाही, आणि हे कुणाला सांगणार!

मी ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, "पप्पा, मी ट्रिप रद्द करतो. दुसरं कोणीतरी कॉम्प्युटर बसवेल."

"कोण बसवेल?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"सहा आठवडे प्लास्टर आहे," पप्पा म्हणाले. "तू काय सहा आठवडे बटणं लावत बसणार आहेस?"

तेवढ्यात काका आत आले. दारावर थाप वगैरे प्रकार आमच्या गल्लीत नाही. म्हणाले, "बटणांचं मी बघतो. तुझी काकू डब्याचं बघेल. रात्री मी इथेच हॉलमध्ये झोपतो, मला तसंही हिच्या टीव्हीमुळे झोप लागत नाही. मास्तर, यावर बोलायचं नाही."

पप्पा बोलले नाहीत. पण मला त्यांचा चेहरा दिसला. आनंदाचा नव्हता तो, सांगतो. अवघडलेला होता. रोज सकाळी सव्वासातला, दूध घेऊन झालं की, काका येणार आणि लहान पोराची लावावीत तशी त्यांची बटणं लावणार. मदत करणं पप्पांना श्वासाइतकं सोपं. मदत घेणं म्हणजे मात्र शिक्षा.

रात्री ते म्हणाले, "प्रार्थनेत मी रोज म्हणतो की मला वापर. हे असं वापरेल असं वाटलं नव्हतं." मला हसू आलं, मग त्यांनाही आलं. पण त्यात थोडं रडूही होतं, दोघांच्याही.

गाडी

बुधवारी पुण्याला परतताना सुप्याच्या पुढे फोन. ज्या गाडीवाल्याकडे सतरा सीटर बुक केली होती, त्याची गाडी आदल्या रात्री ठोकली गेली. ड्रायव्हर वाचला, देवाची कृपा, पण गाडी महिनाभर गॅरेजमध्ये. दुसरी बघा म्हणाला. आता तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात हे तुम्हाला माहीतच आहे. सात ठिकाणी फोन केले. पाच ठिकाणी "नाही", दोन ठिकाणी असा भाव सांगितला की त्यात आम्ही रंगाचे डबे, जेवण आणि परतीचं डिझेल सगळं बसवलं होतं.

इथे आमच्या टीममधल्या एका मित्राची गोष्ट सांगायला हवी. हा साक्री तालुक्यातला, पिंपळनेरचा. ऑक्टोबरात कँटीनमध्ये मी ट्रिपचं बोललो तेव्हा त्याने ताट बाजूला सारून सरळ विचारलं होतं, "तिकडे आमच्याकडे कशाला येताय? धर्मांतराला?"

असं तोंडावर कोणी विचारत नाही सहसा. पाठीमागे विचारतात. मी म्हटलं, "रंग द्यायला आणि कॉम्प्युटर बसवायला." तो म्हणाला, "आज रंग, उद्या बाप्तिस्मा." मग आमचा अर्धा तास वाद झाला. मी म्हटलं की आजारी माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन कुणी धर्म विकत असेल तर ते मलाही चुकीचंच वाटतं. तो म्हणाला, तुझ्या मनात काय आहे ते मला कसं कळणार. खरंय, कसं कळणार? वाद तिथेच राहिला. जेवण गार झालं दोघांचं.

तर बुधवारी दुपारी मी डेस्कवर डोकं धरून बसलेलो, आणि हा पलीकडून माझं फोनवरचं बोलणं ऐकत होता. उठून आला.

"किती जण?"

"अकरा. आणि सहा... पाच कॉम्प्युटर."

"मामा शे ना आपला!" (अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’.) त्याच्या मामाची ट्रॅव्हलर. दिवाळीला आलेली माणसं पुण्याला सोडायला शुक्रवारी येणार होती आणि रिकामी परत जाणार होती. त्याने तिथल्या तिथे फोन लावला, अहिराणीत पाच मिनिटं भांडल्यासारखा बोलला आणि मला म्हणाला, "डिझेल तुमचं. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "अरे, पण तुला तर आमचं जाणंच पटत नाही ना?"

"नाहीच पटत," तो म्हणाला. "पण तू गाडीवाचून अडलास, ही वेगळी गोष्ट आहे."

गेले कित्येक आठवडे हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. माझं म्हणणं पटल्यावर मला मदत करणारे पुष्कळ भेटतील. न पटताही आणि पुढे पटेल अशी आशा न ठेवताही मदत करणारा हा एक. आमच्या ग्रुपने त्याच्या मताशी सहमत नसताना त्याच्यासाठी काय केलं असतं, हा प्रश्न मी तरुण संघाच्या मीटिंगमध्ये ठेवला. बराच वेळ कोणी बोललं नाही.

जुन्या मिशनऱ्यांची एक्सेल शीट

नगरला पप्पांच्या कपाटात चर्चच्या इतिहासाची पुस्तकं आहेत. त्या दोन रात्री झोप येत नव्हती म्हणून चाळली. आमच्या भागातलं सगळं मिशन ज्यांच्यापासून सुरू झालं ते गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन. 1812 च्या फेब्रुवारीत ते फिलाडेल्फियाहून निघाले, कलकत्त्याला. तिथे पोचले तर कंपनी सरकार म्हणालं, परत जा. तेवढ्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटलेलं, म्हणजे हे शत्रूराष्ट्राचे नागरिक! त्यांच्या सोबत्यांपैकी जडसन दांपत्य ब्रह्मदेशात गेलं. न्यूएल दांपत्याला मॉरिशसकडे जावं लागलं, आणि हॅरिएट न्यूएल तिथे 1812 च्या नोव्हेंबरातच वारली. वय 19 वर्षं. हॉल आणि नॉट कसेबसे फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोचले. तिथेही त्यांना बाहेर काढण्याचा हुकूम होताच. पण मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी सहानुभूती दाखवली, वेळ जाऊ दिला, आणि शेवटी त्यांना राहायची परवानगी मिळाली.

म्हणजे बघा, अमेरिकन मराठी मिशन, 1831 साली नगरला सुरू झालेलं केंद्र, सिंथिया फॅरारबाईंची ती मुलींची शाळा जी जोतीराव फुल्यांनी येऊन बघितली होती... हे सगळं ज्या ट्रिपमधून निघालं, तिची शीट पहिल्या रांगेपासून लालच होती. आणि ती तरली ती एका अधिकाऱ्याच्या भलेपणावर, ज्याला ते करायची काही सक्ती नव्हती. गोष्ट गोड करून सांगत नाहीये मी. हॅरिएट परत आली नाही. हॉलही 1826 मध्ये नाशिक-त्र्यंबककडून परतताना कॉलऱ्याने वाटेतच गेले. संकटात भलेपणा सापडतो म्हणजे संकट खोटं असतं असं नाही.

बायबलमध्येही हेच. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय म्हणजे खरं तर मिशन ट्रिपची चेकलिस्ट. येशू सत्तर जणांना गावोगाव पाठवतो, आणि यादी काय देतो? पैशाची थैली नेऊ नका, झोळी नेऊ नका, जास्तीच्या वहाणा नेऊ नका. ज्या घरी उतराल तिथे जे वाढतील ते खा. लहानपणी संडे स्कूलमध्ये मला वाटायचं की ही साधेपणाची शिकवण आहे. आता वाटतं, यात बॅकअप मुद्दाम काढून टाकलाय. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दुसऱ्याच्या दारात पाहुणा म्हणून उभं राहावंच लागतं. दाता म्हणून त्याला आत शिरताच येत नाही. आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाला परक्या जातीच्या माणसाने उचलल्याची, ती याच अध्यायात पुढे येते! इतकी वर्षं दोन्ही वाचली, पण शेजारी शेजारी आहेत हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पौलाचंही तसंच. प्रेषितांच्या कृत्यांत त्याचं जहाज फुटतं, 276 माणसं मेलिता बेटावर लागतात. बाहेर पाऊस आणि थंडी. तिथले लोक ख्रिस्ती नाहीत, त्यांनी पौलाचं नावही ऐकलेलं नाही. पण ते काय करतात? शेकोटी पेटवतात. आधी शेकोटी, मग ओळखपाळख. (आणि सरपण टाकताना पौलाला साप डसतो. म्हणजे तिथेही शीट लालच!)

आणि मग ट्रिप

शुक्रवारी रात्री नऊला निघालो. माझी त्या आठवड्याची ऑन-कॉल ड्यूटी टीममधल्या एका तेलुगू मुलीने घेतली. रिलीज पुढे सरकलं होतं आणि मॅनेजर काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "तू जा, मैं देख लूँगी." नाशिक, सटाणा, ताहराबाद करत पहाटे पिंपळनेरला पोचलो. मामांनी गाडी सरळ घरासमोर उभी केली. मामी उठून बसलेल्या. अकरा अनोळखी माणसांना कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्यातली एक मुलगी "सकाळी सकाळी मला तिखट..." असं पुटपुटायला लागली, तर मी तिला फक्त "लूक दहा" म्हटलं. तिने खाल्लं. तिसरी भाकरीही खाल्ली.

कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर तालुक्यात शिरलो तेव्हा उजाडलं होतं. पुढच्या आठवड्याचं फार सांगत नाही. पाचही कॉम्प्युटर चालू झाले. चाचांनी दिलेली रॅम तिसऱ्याच दिवशी लागली. शिबिरात मी नावं टाइप करायला होतो. तिथे बरेच लोक मावची बोलतात, मला ओ का ठो कळत नव्हतं, नर्सताई मराठी करून सांगायच्या.

एक गोष्ट मात्र तिथे शिकलो ती सांगतो, कारण उपयोगाची आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई आणि वडील दोघंही नुसते वाहक असतील, म्हणजे त्यांना स्वतःला काही त्रास नसेल, तरी प्रत्येक बाळाला तो आजार व्हायची शक्यता 25 टक्के असते. साध्या रक्ततपासणीत कळतं. लग्नाआधी करून घेतली तर किती दुःख वाचतं! सरकारनेही 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केलाय, 2047 चं उद्दिष्ट ठेवून. त्याच्या नावातही ‘मिशन’ आहे, गंमत म्हणजे. आजीला सांगितलं तर म्हणेल, तिथे कुठली रिक्षा जाते?

पिंपळनेरच्या मित्राला परत आल्यावर फोटो दाखवले. रंगवलेल्या खोल्या, खिडकीतला कॉम्प्युटर. त्याने सगळे बघितले. म्हणाला, "रंग बरा लावलाय." मग म्हणाला, "वाद अजून संपलेला नाहीये हां आपला." म्हटलं, "नाहीच संपलेला. उद्या जेवताना?" त्याला डिसेंबरात बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस सुट्टी हवी होती. त्याचा ऑन-कॉल माझ्याकडे आहे. या क्षणी, हे लिहिताना, फोन शेजारी ठेवलाय आणि तो वाजू नये अशी माझी कळकळीची प्रार्थना चालू आहे.

पप्पांचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. परवा फोनवर म्हणाले की काकांना सकाळी थोडा उशीर झाला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. प्लास्टर निघालं तरी सव्वासातचा चहा चालू ठेवायचा, असं दोघांचं ठरलंय. बटणं मात्र स्वतः लावणार म्हणाले.

असो. बराच उशीर झाला, उद्या रविवार, सकाळी उपासना आहे. तुमच्याही शीटमधली एखादी रांग लाल झाली असेल तर ती कुणी हिरवी केली, ते जमलं तर कळवा.